तांबडी शाई आणि पाण्याखालची बाग

साहित्याच्या अध्यापकाने खतांविषयी लिहावे हे विचित्र दिसेल, याची मला कल्पना आहे. गेली सव्वीस वर्षे मी मराठी शिकवतो. रसायनशास्त्राशी माझा संबंध अकरावीनंतर संपला आणि त्याचे दुःख दोघांपैकी कोणालाच झाले नाही. पण दोन वर्षांपूर्वी आमचा मुलगा कृषिविज्ञान शिकायला जर्मनीत गीसेनला गेला आणि डोंबिवलीच्या आमच्या बैठकीच्या खोलीतली त्याची तीन फुटी काचेची टाकी माझ्या गळ्यात पडली. जाताना त्याने एका वहीत अकरा पाने सूचना लिहून ठेवल्या होत्या. मी ती अकरा पाने कशी वाचली, याविषयी मला थोडे लिहायचे आहे.

टाकी म्हटल्यावर लोकांना मासे आठवतात. या टाकीत मासे हे जवळजवळ निमित्त. खरी मालकी वनस्पतींची : तळाशी क्रिप्टोकोरीन, मागे रोटाला, एका कोपऱ्यात व्हॅलिस्नेरियाची रिबिनीसारखी पाने. पुरेसा प्रकाश असला की दुपारनंतर या पानांवर प्राणवायूचे मोतीदार बुडबुडे धरू लागतात आणि एकेक सुटून वर जातात. शाळेत हायड्रिलावर फनेल पालथे घालून, पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकून जो प्रयोग आपण सर्वांनी पाहिला (किंवा पाहिला असे वहीत लिहिले), तोच हा. यान इंगेनहाउसने १७७९ साली पाण्यात बुडवलेल्या पानांवरचे हे बुडबुडे उन्हात येतात व अंधारात थांबतात हे दाखवले, तेव्हापासून त्यात नवे काही नाही. तरीही जेवण झाल्यावर मी त्यासमोर अर्धा तास बसतो. पेपर तपासायचे राहतात.

अडचण अशी, की पाण्याखालच्या झाडाला कर्बवायू सहजी मिळत नाही. हवेच्या तुलनेत पाण्यात तो सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. तेव्हा तेजस्वी दिवा लावायचा आणि कर्ब द्यायचा नाही, म्हणजे पंगतीला बसवून पान मांडायचेच नाही, असे होते. झाड खंगते आणि जेवायला शेवाळ येते. बारावीत असताना मुलाने यावर स्वस्तातला उपाय केला होता. शीतपेयाच्या दोन लिटरच्या बाटलीत साखर, पाणी आणि यीस्ट; झाकणातून नळी, नळी टाकीत. आंबवणातून निघणारा वायू झाडांना. घराला ताडीच्या दुकानाचा वास येई, आणि हिची साखर महिनाअखेरीआधीच संपे. पुढे पहिल्या नोकरीच्या पैशांतून त्याने सिलिंडर, रेग्युलेटर आणि विजेवर उघडझाप करणारी झडप आणली. दिवा लागण्याआधी एक तास वायू सुरू, दिवा विझण्याआधी एक तास बंद, सेकंदाला दोन बुडबुडे.

खतांचे प्रकरण मला अधिक आवडले, कारण त्यात भाषा आहे. नत्र, स्फुरद, पालाश हे शब्द मी कृषीविषयक जाहिरातींत अनेकदा वाचले होते. पालाश म्हणजे पोटॅशियम हे पन्नाशीत कळले. पोटॅशियम नायट्रेट म्हणजे आपला सोरा. परदेशी कंपन्यांच्या द्रवखतांच्या छोट्या बाटल्या बाजारात मिळतात, पण द्राक्षबागाईतदार ज्याला '१३-०-४५' म्हणतात ते हेच, आणि '०-५२-३४' म्हणजे मोनोपोटॅशियम फॉस्फेट. किलोची पिशवी वर्षानुवर्षे पुरते. कल्याणच्या कृषी सेवा केंद्रात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दुकानदाराने विचारले, "बाग केवढी?" मी म्हणालो, "तीन फूट." त्याने मान वर केली नाही, फक्त पिशवी पुढे सरकवली.

मात्रा अशी : एकशे ऐंशी लिटर पाण्याला आठवड्यातून तीनदा अर्धा चमचा सोरा आणि चमच्याचा आठवा भाग फॉस्फेट, मधल्या दिवशी लोह व सूक्ष्म द्रव्ये, आणि रविवारी निम्मे पाणी बदलायचे. टॉम बार या अमेरिकन छांदिष्टाने रूढ केलेली ही पद्धत. मोजमापाच्या फंदात न पडता थोडे जास्तच द्यायचे आणि साचलेले दर आठवड्याला धुऊन टाकायचे. याच्या उलट डायना वॉल्स्टॅड यांचे १९९९ चे पुस्तक, ज्यात साधी माती, बेताचा प्रकाश, वायूचा सिलिंडर नाही. मला स्वभावतः वॉल्स्टॅडबाई जवळच्या वाटतात. परंतु वही मुलाची होती.

या साऱ्याच्या मुळाशी जो नियम आहे तो युस्टुस लीबिगच्या नावाने ओळखला जातो, जरी कार्ल श्प्रेंगेलने तो त्याच्याआधी, १८२८ च्या सुमारास, मांडला होता. वाढ ठरते ती जे सर्वांत कमी आहे त्यावरून. बाकीचे कितीही ओता. लीबिग १८२४ पासून १८५२ पर्यंत गीसेनलाच शिकवत होता, विद्यापीठाला आज त्याचे नाव आहे आणि त्याची प्रयोगशाळा संग्रहालय म्हणून जपलेली आहे. मुलाने तिथले छायाचित्र पाठवले होते. मी उत्तरादाखल लिहिले, "छान." एवढेच.

काय कमी पडते ते झाड पानांवर लिहून दाखवते. नत्र कमी पडले तर खालची, जुनी पाने पिवळी होतात, कारण झाड जुन्या पानातले नत्र काढून नव्या कोंबाला देते. लोह कमी पडले तर मात्र उलट. नवी पाने फिकट निघतात, शिरा तेवढ्या हिरव्या, आणि खालची जुनी पाने मजेत असतात. त्यांच्यात लोह असते, पण ते तिथून हलत नाही. हे वहीच्या सहाव्या पानावर होते. मी ते दोनदा वाचले.

आता तांबड्या शाईविषयी. मुलगा नववीत असताना त्याने आजोबांच्या गावच्या तळ्यावर निबंध लिहिला होता आणि शाळेत देण्याआधी मला दाखवला होता. मी सतरा चुका काढल्या. 'पाणि', 'शेवाळं', 'खोलि'. निबंध कसा झाला हे मी बोललो नाही. त्या वेळी चुका दाखवणे म्हणजेच बोलणे अशी माझी समजूत होती. त्यानंतर त्याने मला मराठीत लिहिलेले काही दाखवले नाही. पुढली बारा वर्षे आमच्यात भांडण असे कधी झाले नाही, जे काही होते ते हिच्यामार्फत. तेव्हा ती अकरा पाने मराठीत होती याचे मला आधी नवल वाटायला हवे होते. वाटले नाही. पहिल्याच संध्याकाळी मी टेबलाशी बसलो आणि खिशातले पेन काढले. सवय! 'पाणि'चे 'पाणी' केले, 'आठवड्यातुन'वर दीर्घ दिला. आठव्या पानावर एक वाक्य होते : 'ड्रॉप चेकर दोन तास मागे आसतो, घाई करु नका.' मी 'आसतो'चे 'असतो' केले, 'करु'चे 'करू' केले आणि पान उलटले.

ड्रॉप चेकर म्हणजे टाकीत आतल्या बाजूने चिकटवलेली काचेची बोंडाएवढी कुपी. तिच्यात ठरावीक काठिण्याचे पाणी आणि ब्रोमोथायमॉल ब्लू. टाकीतला वायू आधी कुपीतल्या हवेत येतो, मग त्या थेंबांत विरघळतो. निळा रंग म्हणजे वायू कमी, हिरवा म्हणजे लिटरला तीसेक मिलिग्रॅम, पिवळा म्हणजे धोका. मधल्या हवेमुळे रंग बदलायला वेळ लागतो. म्हणजे कुपी सांगते ती आताची बातमी नसते.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत सिलिंडर भरून आणला आणि जोडला. सकाळी साडेनऊला पाहिले तर निळा. व्हॉल्व्ह थोडा फिरवला. दहाला पाहिले, निळाच, आणखी फिरवला. साडेदहाला तिसऱ्यांदा फिरवला आणि तोंडी परीक्षेसाठी महाविद्यालयात गेलो. ही नाशिकला होती. संध्याकाळी सहाला दार उघडले तेव्हा कुपी हळदीसारखी पिवळी होती आणि झाडे, काय सांगावे, कधी नव्हे इतकी मोत्यांनी लगडली होती. त्या शोभेच्या वर, पृष्ठभागाशी, दोन मासे तोंड उघडमीट करत होते. चार तळाशी होते.

ते मासे डेनिसन बार्ब, दुकानातले नाव 'मिस केरला'. १८६५ साली फ्रान्सिस डेने वर्णिलेली ही जात पश्चिम घाटातल्या वाहत्या ओढ्यांतली. २०१३ मध्ये तिच्या प्रजातीला 'सह्याद्रिया' हे नाव मिळाले. वाहत्या पाण्याची सवय असल्याने कोंडलेला वायू यांना सोसत नाही. पाण्यात प्राणवायू भरपूर होता. पण बाहेर कर्बवायू एवढा साचला, की कल्ल्यांवाटे आतला बाहेर पडेना, रक्त आम्लधर्मी झाले, आणि तसे रक्त प्राणवायू नीट धरू शकत नाही. हे मी नंतर वाचले. त्या वेळी मी वायू बंद केला, बादलीने निम्मे पाणी काढले, उंचावरून नवे ओतले. दोन वाचले.

आणि मग मी जे केले ते सांगायला लाज वाटते. मी क्रॉफर्ड मार्केटला जाऊन तेवढ्याच आकाराचे चार डेनिसन बार्ब घेऊन आलो. लहान मुलाचा पोपट मेला की आईबाप गुपचूप दुसरा आणतात, तसे. फरक इतकाच, की मुलगा सत्तावीस वर्षांचा होता. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर मी कॅमेरा रोटालाकडे धरला. पुढल्या रविवारी तो म्हणाला, "बाबा, जरा डावीकडे घ्या." मी घेतला. तो बराच वेळ पाहत राहिला.

"ती मोठी कुठंय? शेपटीला खाच असलेली?"

मी सांगितले. व्हॉल्व्ह, तीनदा, साडेनऊ, दहा, साडेदहा. गीसेनला तेव्हा सकाळ होती, त्याच्या मागच्या खिडकीत पांढरा उजेड होता.

"मी लिहिलं होतं ना तुम्हाला? आठव्या पानावर?"

"हो."

"वाचलं नव्हतं?"

"वाचलं होतं. तुझा 'असतो' चुकला होता, तो मी दुरुस्त केला."

तो हसला नाही. रागावला असावा असेही वाटले नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "वही दाखवा." मी वही आणली आणि एकेक पान कॅमेऱ्यासमोर धरत गेलो. माझी तांबडी शाई पडद्यावर फारच भडक दिसत होती. सहाव्या पानाशी त्याने थांबायला सांगितले.

"इथे एकही खूण नाही."

"नाही," मी म्हणालो. "हे पान चांगलं लिहिलंयस."

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग त्याने विचारले, नवे चार मासे किती दिवसांचे झाले, खायला येतात का, आणि व्हॉल्व्ह आता कुठे आहे. सेकंदाला एक बुडबुडा, मी सांगितले. महिनाभर तिथेच राहू द्या, म्हणाला. झाडे थोडी रुसतील. त्या आठवड्यात मी '१३-०-४५' निम्मे केले, कारण वायू कमी असता खत ओतून उपयोग नसतो, आणि रविवारी पाणी बदलताना रोटालाची फिकट शेंडे खुडून टाकली.