निर्वृक्ष वाटेवर

नकाशावर जेथें नांवें थोडीं, ती जागा रिकामी, असें आपण शाळेपासून समजत आलेलों असतों. ऑस्ट्रेलियाचा दक्षिण किनारा हा असाच एक रिकामा भाग. आमचे चिरंजीव बारा वर्षांपूर्वीं पर्थ येथें गेले व तेथेंच स्थिरावले. दोन वर्षांपूर्वींच्या जुलैंत त्यांच्या मोटारींतून, सूनबाई व नात यांसह, आम्ही सारीं ॲडलेडकडे निघालों, तेव्हां हा भाग ओलांडण्याचा योग आला.

नॉर्समन सोडल्यापासून सेडूना येईपर्यंत सुमारें १२०० किलोमीटर. मध्यें कधीं साठ-सत्तर, कधीं जवळजवळ दोनशें किलोमीटरांनीं पेट्रोलचा पंप, चहाची सोय व निजावयास चार खोल्या असा थांबा लागतो. वाटेंतील पठाराचें नांव नलारबॉर. ‘झाड नाहीं’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांवरून तें पडलें. चुनखडीचें हें पठार सुमारें दोन लाख चौरस किलोमीटर पसरलें आहे. पडेल तें पाणी खडकांतून खालच्या गुहांत उतरतें. त्यामुळें वर नदी नाहीं, ओढा नाहीं. समोरून येणारा अनोळखी मोटारवाला मात्र चाकावरून एक बोट उचलून नमस्कार करतो. गर्दींत शेजाऱ्यासहि न ओळखणारें मनुष्य येथें मनुष्यदर्शनानेंच संतोषतें!

बॅलाडोनिया व केगूना यांच्या दरम्यान रस्ता १४६.६ किलोमीटर एकहि वळण न घेतां जातो. पाहण्यासारखें कांहीं उरलें नाहीं म्हणजे माणसास बोलावेंच लागतें. चिरंजीव एकाएकीं म्हणाले, “बाबा, आम्ही आतां परत येऊं असें वाटत नाहीं. सांगलीच्या घराचें तुम्ही मनाप्रमाणें करा.” दृष्टि रस्त्यावर होती म्हणूनच त्यांना हें बोलतां आलें, आणि आम्हांला ऐकतां आलें. समोरासमोर बसून बारा वर्षांत तें जमलें नव्हतें. “बरें,” एवढेंच आम्ही म्हणालों. केगूना येईपर्यंत त्या घराच्या एकेका खोलींतून आम्ही मनानें हिंडत होतों.

या रस्त्यास एडवर्ड जॉन एअर याचें नांव आहे. १८४१ सालीं तो घोडे व चार सोबती घेऊन या किनाऱ्यानें पश्चिमेकडे गेला. वाटेंत जॉन बॅक्स्टर या सोबत्याचा खून झाला. पुढची वाट त्यानें वायली नांवाच्या आदिवासी तरुणासह काटली. वाळूच्या टेकड्यांत कोठें खणलें असतां पाणी लागतें, हें त्याला तेथील रहिवाशांनींच दाखविलें होतें. म्हणजे रिकामें म्हटलेलें हें घर पूर्वींपासून नांदतें होतें. पाहुण्यास तें दिसलें नाहीं, इतकेंच.

पुढें पठार एकदम तुटतें आणि उंच कड्यांखालीं समुद्र लागतो. तेथें ‘हेड ऑफ बाइट’ या ठिकाणीं देवमाशांच्या माद्या हिवाळ्यांत दक्षिणेच्या थंड समुद्रांतून येऊन वितात. पिलाला बिलगून संथ पडलेली एक मादी नातीनें आम्हांस दाखविली. सौभाग्यवती कितीतरी वेळ पाहत राहिल्या. “बाळंतपणाला येतात, पिलूं पोहूं लागलें कीं जातात,” त्या म्हणाल्या.

“मग पुन्हां येत नाहींत?” नातीनें विचारलें.

“येतात,” चिरंजीव म्हणाले, “तीन-एक वर्षांनीं.”

“तर मग,” सौभाग्यवती आमच्याकडे वळून म्हणाल्या, “घर सगळें नका विकूं. मागची खोली राहूं द्या.”

ती आम्हीं ठेविली आहे. बहुधा कुलूपच असतें. पण तिला रिकामी म्हणावयास आतां आमची जीभ धजत नाहीं.