उष्टं कुणाचं?

आंबिया बहाराचं संत्रं दिवाळीच्या तोंडावर रंग धरतं. मृगाचं येतं फेब्रुवारी-मार्चात, आणि तेच जास्त गोड, असं वरूड-मोर्शीपासून अचलपूर-परतवाड्यापर्यंत कुणालाही विचारा, सांगेल. पण आम्हा अकोल्याच्या पोट्ट्यांना संत्रं माहीत होतं ते आंबियाचंच. शाळेला सुटी तेव्हा लागायची आणि आजोळचा बगीचा तेव्हाच भरात असायचा.

अकोल्याहून मोठ्या गाडीनं मूर्तिजापूर गाठायचं आणि तिथून शकुंतलेत बसायचं. दर्यापूर, अंजनगाव करत ७६ किलोमीटरवरच्या अचलपूरला ती आपल्या सवडीनं पोचवायची. १९९४ पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं. उतरल्यावर आमची तोंडं काळी असायची आणि आजी आधी मोरीचं दार दाखवायची, मग लाडू.

बगीचा गावापासून थोडा दूर, गाविलगडाच्या डोंगराकडे तोंड करून. मधोमध संत्रा, विहिरीपाशी जांभूळ आणि दोन-चार पेरू, धुऱ्यावर गावरान बोरी, सीताफळं, एक जुना वड. फळं रंगावर आली की आबाजींचा, म्हणजे आजोबांचा, मुक्काम खोपडीत. जागल करायला सालदार असायचा, टिनाचा डबा असायचा, पण आबाजींना घरात झोप येत नसे. आम्हीही हट्टानं मागं लागायचो आणि डबा वाजवायची पाळी यायच्या आत घोरायला लागायचो.

खरी मजा सकाळची. रात्री ओलित केलेलं असलं की झाडांच्या आळ्यांतली माती लोण्यासारखी मऊ व्हायची, आणि रात्रभर कोण येऊन गेलं ते तिच्यात उमटलेलं असायचं. आबाजी धोतराचा सोगा खोचून पुढं, आम्ही मागं. खाली पडलेलं, कुरतडलेलं, चावलेलं एकेक फळ ते उचलून आमच्या हातात द्यायचे.

"सांग, कोनं खाल्लं?"

"खारीनं."

"काहून? खारीचा काय दात उगवला बे एवढा? उष्टं पाय आधी, मंग चोर सांग."

असं करत करत आम्ही उष्टं वाचायला शिकलो. पेरूला वरून भोक पाडून आत बारीक दातांचे ओरखडे असले, तर ती खार. तिला संत्र्याचं फारसं कौतुक नव्हतं. पेरू-डाळिंब दिसलं की मात्र शेपटी नाचवत हजर. खाली चोथ्याच्या चपट्या, सुकलेल्या गोळ्या पडलेल्या असल्या, तर वटवाघूळ. ते फळ चावतं, टाळूशी दाबून रस गिळतं आणि चोथा थुंकतं. विहिरीच्या काठावरच्या दगडावर जांभळाच्या नाहीतर बोराच्या बियांचा ढीग विष्ठेत दिसला, की रात्री उदमांजर येऊन गेलं म्हणायचं. पावलाला पाच बोटं असली तर उदमांजर किंवा मुंगूस. चार बोटं आणि नख्या नसल्या तर रानमांजर. चार बोटं आणि नख्या असल्या तर कुत्रं नाहीतर कोल्हा. कोल्ह्याला बोरं भारी प्रिय. 'कोल्हा काकडीला राजी' ही म्हण आम्ही शाळेत शिकलो, पण धुऱ्यावरच्या बोरीखाली तो काकडीची वाट पाहत थांबत नाही, हे आम्हाला आधीच ठाऊक होतं.

सायाळ क्वचित यायची. आली की कोवळ्या कलमाची साल तासून जायची आणि आबाजी दिवसभर कुणाशी बोलायचे नाहीत. शेंदूरजना घाटावरून आणलेली, जंबेरीवर बांधलेली ती कलमं. त्यांना पोरांच्या आधी पाणी मिळायचं. पण सायाळीचा एखादा काटा सापडला की आमची चंगळ. सायाळ तो बाणासारखा मारते, अशी आमची पक्की समजूत होती. आबाजी म्हणत, ती काही फेकत-बिकत नाही. शेपटी खुळखुळवते, पाठ करून मागं धावते, आणि जो पळत नाही त्याच्या अंगात काटे रुततात.

मुंगसाची गोष्ट निराळी. ते दिसलं की दिवस चांगला जाणार, म्हणून त्याला रामाची शपथ घालून तोंड दाखवायला लावायचं. एकदा एक मुंगूस आजीच्या कोंबडीचं अंडं लोटत लोटत पंपाच्या चौथऱ्यापाशी आलं. तोंडात धरावं तर अंडं निसटतं. मग त्यानं चौथऱ्याकडे पाठ केली, पुढच्या पायांत अंडं धरलं आणि मागच्या पायांच्या फटीतून फाडकन् दगडावर आपटलं. एका फटक्यात फुटलं. चाटून पुसून, मिशा साफ करून ते आमच्याकडे न पाहताच निघून गेलं. आजीनं कपाळाला हात लावला, पण त्याला दगड मारू दिला नाही. मुंगूस आहे म्हणून उंदीर-घुशी आटोक्यात आहेत, हा तिचा हिशेब. चित्रकलेच्या तासाला ज्या मऊ ब्रशनं आम्ही आकाश रंगवायचो, तो मुंगसाच्या केसांचा असायचा, हे फार नंतर कळलं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं त्यावर बंदी आहे, तरी धंदा चोरून चालत राहिला.

खारीच्या पट्ट्यांबद्दल आजीला छेडायचं, हा एक उद्योग. रामानं तीन बोटं फिरवली, असं तिची गोष्ट सांगे, आणि बगीच्यातल्या खारीच्या पाठीवर पट्टे मोजले तर पाच. "थे बाजूचे दोन सीतामाईनं काढले," आजी म्हणायची. "रामाचं पाहून तिलेही वाटलं." यावर वाद घालायची कुणाची टाप नव्हती.

आणि सगळ्यात मोठा चोर? त्याला दातच नव्हते. दसरा-दिवाळीच्या सुमाराला झाडाखाली पिवळ्या फळांचा सडा पडायचा. वरून फळ अखंड, चावल्याची खूण नाही. आबाजी ते दोन बोटांत दाबायचे, तर टाचणीएवढ्या भोकातून रसाची चिळकांडी उडायची. तो रस शोषणारा पतंग. रात्री येतो, सोंड खुपसतो, रस पितो. भोकाभोवती फळ सडतं आणि गळतं. त्याच्या अळ्या संत्र्यावर नसतातच. त्या वाढतात धुऱ्यावरच्या गुळवेलीवर, वासनवेलीवर. म्हणून पावसाळ्यात वेली उपटायच्या, गळ वेचून पुरायची, तिन्हीसांजेला बगीच्यात धूर करायचा. गावात मात्र त्या सड्याचं खापर वटवाघळांवर फुटायचं. कायदाही त्यांच्या बाजूचा नव्हता. २०२२ ची दुरुस्ती होईपर्यंत फळं खाणारी बहुतेक वटवाघळं उंदीर-कावळ्यांसारखी उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती.

आता आबाजी नाहीत, शकुंतलाही बंद. पाणी खोल गेलं, कोळशी आणि डिंक्यानं झाडं वाळली. वरूड-मोर्शीकडे कित्येकांनी उभ्या बागांवर कुऱ्हाड चालवली. आमच्या आजोळचा बगीचा निम्मा उरलाय. मामेभावाच्या मुलानं ठिबक बसवलं, रानडुकरांसाठी सौर कुंपण घातलं. पाण्याची बचत झाली, यात शंका नाही. पण आळी कोरडी राहतात आणि पावलं उमटत नाहीत. त्याची भरपाई म्हणून त्यानं खोपडीच्या खांबाला कॅमेरा लावलाय. उदमांजराचे हिरवट डोळे आता आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतात आणि पुण्यातली भाची विचारते, हे मांजर पाळलंय का?

गेल्या आंबियाला त्याचा फोन आला. "काका, लय गळ होऊन राहिली. वडावर वटवाघळं वाढली. वड तोडू काय?"

म्हटलं, "कॅमेऱ्यात वटवाघूळ संत्र्यावर दिसलं काय?"

"नाई. वडाच्या फळाले येतात."

"मंग खालचं संत्रं उचल आन् दाब."

थोडा वेळ पलीकडून काही नाही. मग हसू. "चिळकांडी उडाली काका, सदऱ्यावर."

गुळवेल त्यानं पुढच्याच आठवड्यात काढली. वड अजून उभा आहे. यंदा दिवाळीला सगळी भाचरं तिकडे जाणार आहेत, आणि मी त्याला आधीच सांगून ठेवलंय, दोन-चार झाडांचं ठिबक आठवडाभर बंद ठेव आणि आदल्या संध्याकाळी आळ्यांत पाटानं पाणी सोड. पोट्ट्यांची परीक्षा घ्यायची आहे.