सोलापूरची वाट

पुणे ते सोलापूर अंतर अवघे अडीचशे किलोमीटर. पण दुकानाची वाटणी झाल्यापासून सहा वर्षे धाकट्याने थोरल्याचा उंबरठा ओलांडला नव्हता. दर संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडम्’ होई, तेही फोनवर. यंदा दिवाळीनंतर तो सहकुटुंब निघाला. डब्यात खाखरे, थेपले. सोबत उकळून गार केलेले पाणी. भिगवणजवळ उजनीच्या जलाशयावर पक्षी दिसताच मुलांनी गाडी थांबवायला लावली. घाई कोणालाच नव्हती. व्यापाऱ्याच्या घरात हे विरळाच! ऊन कलले, तोच वहिनींचा फोन आला : “भावजी, चौविहाराआधी पोचा. हे तुमच्यासाठी जेवायचे थांबलेत.” पुढचा थांबा त्याने गाळला. सूर्यास्ताला थोडाच अवकाश होता. थोरला फाटकातच उभा होता. म्हणाला, “आधी हात धुवा, पाने वाढली आहेत.”