हौदाचे झाकण

गेल्या चैत्रात एका स्नेह्याच्या घरी समाचाराला गेलो होतो. त्यांच्या मातोश्री चार दिवसांपूर्वी गेल्या होत्या. अशा घरी चहाचे नाव काढायचे नसते आणि निघताना 'येतो' म्हणायचे नसते, हे संकेत अद्याप शिल्लक आहेत. परंतु उन्हातून आलेल्या माणसापुढे पाणी ठेवण्याचा जो त्यांहूनही पुरातन संकेत, त्याचे रूप मात्र पालटलेले दिसले. घरातील एक मुलगा पुठ्ठ्याचे खोके घेऊन फिरत होता आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या हाती दोनशे मिलिलिटरची एकेक सीलबंद बाटली देत होता. त्या निःशब्द खोलीत झाकण फिरवल्याचा बारीक 'कट्' असा आवाज मधूनमधून होई आणि दर वेळी सर्वांच्या माना किंचित तिकडे वळत. मी उठलो तेव्हा खिडकीच्या कट्ट्यावर चौदा-पंधरा बाटल्या ओळीने उभ्या होत्या. एकीत बोटभर पाणी, दुसरीत निम्मे, तिसरीत तर जेमतेम एका घोटाची तूट. तांब्यात उरलेले पाणी तुळशीला आणि पेल्यात राहिलेले उष्टे कर्दळीला, हा विवेक ज्या बाईने जन्मभर पाळला, तिच्याच घरात हे कोणाचे कोणते ते न कळणारे पाणी, आपापली झाकणे लावून, कोणत्याच रोपाकडे न जाता तिष्ठत होते.

त्या बाटल्या पुढे कित्येक दिवस माझ्या मनातून गेल्या नाहीत, याला आमच्या घरातलेही एक कारण आहे. सूनबाई गेले काही महिने म्हणत आहेत, "अप्पा, आता पिण्यापुरते तरी जार लावू या. नळाच्या पाण्याचा काय भरवसा?" या प्रश्नाला उडवून लावण्याचा मला अधिकार नाही. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या परिसरात गियाँ-बारे या मज्जासंस्थेच्या आजाराने जी माणसे अंथरुणाला खिळली, त्यांच्या दुखण्याचा माग काढता काढता वैद्यकीय पथके पाण्यापाशीच येऊन थांबली होती. त्याच वेळी खासगी जलकेंद्रांतले, म्हणजे जारचे, नमुनेही दूषित निघाले आणि त्यांतल्या काहींना टाळे लागले. परंतु एक भय दुसऱ्या भयाचे उत्तर होत नाही, आणि लहान मूल असलेल्या आईला असल्या युक्तिवादाने समाधानही वाटत नाही.

बाटलीतल्या पाण्याशी माझे वैर आहे असे कोणी समजू नये. परगावी, एसटीच्या स्थानकावर, अनोळखी टाकीच्या गंजक्या तोटीपुढे उभे असताना मीही ती विकत घेतो, आणि दुकानदाराला 'एक बिसलेरी द्या' असेच म्हणतो. मग तो कोणत्याही छापाची देवो. १९६५ साली मुंबईत हे इटालियन नाव काचेच्या बाटलीतून प्रथम आले, १९६९ साली ते पार्ले कंपनीच्या मालकीचे झाले, आणि त्यानंतर केव्हातरी ते विशेषनाम सामान्यनाम होऊन बसले. मला टोचते ते निराळेच. त्या बाटलीवरचे बारीक अक्षर मी भिंगाखाली धरून वाचतो. नैसर्गिक खनिजजल म्हणून विकायचे पाणी आणि नुसते 'पेयजल' म्हणून विकायचे पाणी यांची भारतीय मानके वेगळी आहेत. पहिल्याचा क्रमांक १३४२८, दुसऱ्याचा १४५४३. आपण एरवी पितो ते बहुधा दुसरे, आणि ते कूपनलिकेचे असो, नदीचे असो की नळाचेच असो, गाळून, निर्जंतुक करून, वाटल्यास क्षार काढून व पुन्हा घालून भरता येते. म्हणजे ज्या पाण्याला गाव होते त्याचे गाव पुसून काढणे, हीच त्या उद्योगाची कारागिरी. रत्नागिरीत प्या, नागपुरात प्या, घोट तोच.

आणि पाण्याला गाव असते, हे तर आपल्या भाषेने किती बारकाईने नोंदवून ठेवले आहे! गोडे, खारे, मचूळ, जड, हलके. कोणाला एखाद्या गावचे पाणी मानवते, कोणाला बाधते, आणि बदलीच्या गावी गेलेला कारकून पहिल्या पंधरवड्यात आजारी पडला तर त्याच्या प्रकृतीवर ठपका न ठेवता 'पाणी बदलले' एवढेच म्हणतात. नोकरीनिमित्त मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या कचेरीत मी तीन वर्षे काढली. तिथल्या कूपनलिकेच्या पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नसे. कितीही शिट्ट्या होऊ देत, दाणे आपले अंग सोडायला तयारच नसत. पाण्यातला चुना डाळीतल्या चिकट द्रव्याला धरून बसतो आणि तिला मऊ होऊ देत नाही, हे शास्त्र मला पुष्कळ नंतर कळले. गावातल्या बायकांना ते शास्त्रावाचून ठाऊक होते. डाळीपुरती एक घागर त्या दीड मैलावरच्या ओढ्यातल्या झऱ्याची आणत. आमच्या पुण्याच्या नळातून मात्र आंबी, मोसी आणि मुठा अशा तीन नद्या एकत्र येतात. सह्याद्रीच्या काळ्या कातळावरून धावलेले ते पावसाचे पाणी इतके हलके असते की डाळ पाहता पाहता लोण्यासारखी होते. पुणेरी वरणाची जी ख्याती आहे तिच्यातला अर्धा वाटा, माझ्या मते, धरणांचा आहे.

धरणे म्हटली की माझ्या पिढीच्या माणसाला १२ जुलै १९६१ टाळता येत नाही. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. सदाशिव पेठेत, नदीपासून आत, आमचा वाडा होता, आणि त्याच्या दुसऱ्या चौकात एक दगडी हौद होता. नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास कात्रजच्या तलावाचे पाणी शहरात आणले, ते जमिनीखालून, माणूस उभा चालू शकेल अशा चिरेबंदी नळातून. कोठे रहाट नाही, कोठे यंत्र नाही, निव्वळ उताराच्या हिशोबाने ते पाणी डोंगराच्या पायथ्यापासून शनिवारवाड्याच्या कारंजापर्यंत चालत येई. वाटेवर हवा खेळती राहावी म्हणून जागोजाग जे उभे झरोके बांधले होते त्यांना 'उच्छ्वास' म्हणत. पाण्याच्या खात्यातल्या कोणा दरकदाराला हा शब्द सुचला असेल तर त्याला मी कवी म्हणायला तयार आहे.

आमच्या हौदात त्याच नळाची एक शाखा येत होती. घरात महापालिकेचे नळ आल्यापासून त्या हौदावर सागवानी फळ्यांचे जाड झाकण बसले होते आणि ते रोज पहाटे एकदाच, एका कडेची फळी सरकवून, उघडत असे. कारण आमची आजी नळाचे पाणी पीत नव्हती. नळाच्या तोटीत चामड्याची वायसर असते, हे तिच्या तरुणपणी पुण्यातल्या पुष्कळ सोवळ्या घरांत वादाचे कारण झाले होते, आणि तो वाद बाकी सर्वांच्या पुरता मिटला तरी तिच्या पुरता मिटला नव्हता. स्नान करून, ओलेत्याने, ती एक कळशी हौदातून भरी. तिच्यात निवळीचे बी उगाळून टाकी. गढूळपणा हळूहळू तळाशी बसे, वरचे पाणी डोळ्यासारखे स्वच्छ होई, आणि ती कळशी देवघराच्या कोनाड्यात जाई. तिला आम्ही मुलांनी हात लावायचा नाही. त्या कळशीतले पाणी आमच्या माठातल्या पाण्याहून काही निराळे लागत असेल, अशी माझी फार दिवस समजूत होती.

त्या १२ जुलैच्या सकाळी पानशेतचे धरण फुटले आणि पाठोपाठ खडकवासल्याची जुनी दगडी भिंतही गेली. नदीकाठच्या पेठांतून पाणी कसे चढले, पूल कसे बुडाले, हे पुष्कळांनी लिहिले आहे. माझ्या वाट्याला आले ते दुसऱ्या दिवसापासूनचे पुणे. सारे शहर चिखलाने लिंपलेले, भिंतींवर छातीच्या वर पाण्याची रेघ, सगळीकडे ओल आणि कुजका वास. आणि प्यायला पाण्याचा थेंब नाही. ज्या धरणातून नळ येत ते धरणच रिते झाले होते. वडिलांनी नळ सोडून पाहिला, तर आतून एक लांब, कोरडा, घशातून यावा तसा आवाज आला. पाण्याने बुडवलेले शहर पाण्यावाचून बसले आहे, ही गोष्ट आठ वर्षांच्या मुलाच्या बुद्धीत मावत नव्हती. आज तरी कुठे मावते?

दुपारी नारायण पेठेतली ओळखीची चार माणसे भांडी घेऊन दारात आली. त्यांच्या मागे अनोळखी आली. त्यांच्यात कोण कोणत्या आळीचे, कोणत्या जातीचे, हे चिखलाने माखलेल्या कपड्यांवरून कळण्यासारखे नव्हते, आणि कळले असते तरी त्या वेळी विचारायला कोणी धजावले नसते. आजी माजघराच्या उंबऱ्यात उभी होती. तिने वडिलांना एवढेच सांगितले, "फळ्या काढा सगळ्या. पाणी आहे तोवर नेऊ दे." चौघांनी ते झाकण उचलून भिंतीला टेकवले. इतकी वर्षे ज्याची मी फक्त हातभर रुंदीची काळी चीर पाहिली होती, तो हौद प्रथमच संपूर्ण दिसला. आत आभाळ दिसत होते. मग हंडे, घागरी, डालड्याचे डबे, एका बाईने तर पाळण्यातल्या मुलाचे आंघोळीचे घंगाळ आणले होते, असे एकामागून एक त्यात बुडू लागले. कात्रजची तळी शाबूत होती. दोनशे वर्षांपूर्वीचा उतार आपले काम चोख करीत होता. हौद उपसला जाई आणि रात्रीतून पुन्हा भरे. पटकीच्या धास्तीने वडिलांनी त्यात परमँगनेटचे कण टाकले होते, त्यामुळे पाण्यावर फिकट जांभळी झाक आली होती. आजीची कळशीही त्याच पाण्याची. निवळी उगाळली तरी ती जांभळी झाक काही तळाशी बसेना. तिने ती पाहिली, क्षणभर थांबली, आणि प्याली.

मला हा प्रसंग हृदयपालटाची कथा म्हणून सांगता येणार नाही. नळ परत आले तेव्हा झाकणही परत बसले, आणि पहाटेची ती एकच फळी पूर्ववत सरकू लागली. याच शहरात जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता, ते पुरावाचून; आणि महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ साली जे घडले तेही कोणतेही धरण न फुटता. आजीने झाकण उघडले ते आपत्तीने. परंतु त्या हौदाच्या काठावरचे ते दिवस मी पाहिले आहेत, म्हणूनच सार्वजनिक नळाकडे पाहताना मला तोटी आणि पाइप एवढेच दिसत नाही. कोण भरतो आहे हे न विचारता वाहणारे पाणी या देशात फार उशिरा आले आहे.

सीलबंद बाटलीत मला त्या देवघरातल्या कळशीची आठवण येते, ती यामुळे. सूनबाईंची भीती खरी आहे, जंतू खरे आहेत. आजीच्या चामड्याचा विटाळ कल्पित होता. दोहोंची बरोबरी करणे अन्यायाचे होईल. तरीपण चारांच्या पाण्यातून आपले पाणी वेगळे काढून घेण्याची कृती तीच आहे, आणि या वेळी ते सोवळे पैशाने मिळते. आमच्या वाड्यात नळाला गढूळ पाणी आले की वडील अर्ज लिहीत, अकरा बिऱ्हाडांच्या सह्या घेत, आणि तो महापालिकेच्या कचेरीत पोचता करून पोच घेऊन येत. दप्तरात तसल्या पोचांचा एक गठ्ठाच होता. अर्ज लिहू शकणारी, साहेबापुढे उभी राहून दाद मागू शकणारी सगळी बिऱ्हाडे जारवर गेली, म्हणजे नळाच्या शेवटच्या टोकाला राहणाऱ्या माणसासाठी सही कोणी करायची? या प्रश्नापुढे क्षारांचे आणि स्वादाचे सारे हिशोब मला गौण वाटतात. बाटली तरी निखालस शुद्ध आहे, असेही नाही. २०२४ च्या आरंभी अमेरिकेतील संशोधकांनी तेथील बाटलीबंद पाण्याच्या एका लिटरात सरासरी दोन लाख चाळीस हजार प्लास्टिकचे सूक्ष्म कण मोजले.

शेवटी घरात तोड निघाली ती अशी. प्रयोगशाळेतून नळाच्या पाण्याची तपासणी करून आणली. इमारतीची टाकी वर्षानुवर्षे धुतली गेली नव्हती, ती माणसे लावून घासून घेतली, आणि मला वाटते खरा दोष बहुतेक ठिकाणी तिथेच असतो, धरणात नसतो. टाकीच्या साफसफाईच्या तारखा जिन्यातल्या फळ्यावर लिहायचे काम मी अंगावर घेतले. पावसाळ्यात पाणी उकळायचे. बाळाचे पाणी बारा महिने उकळायचे. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा जो वास येतो तो सूनबाईंना आवडत नाही. मला तो आश्वासक वाटतो, कोणीतरी रात्रपाळीला जागे होते असे त्यातून कळते. रात्रभर भांड्यात राहिले की तो उडून जातो.

त्यासाठी माठ हवा होता. जुन्याला तडा गेला होता. परवा संध्याकाळी कुंभारवाड्यातून नवा आणला. म्हातारीने तो बोटाच्या पेराने टिचकी मारून दोनदा वाजवून दाखवला आणि पहिले तीन दिवस पाणी भरून ओतून द्या म्हणाली, नाहीतर मातीचा स्वाद राहतो. मंडईतून वाळ्याची एक जुडी घेतली. ती भिजत घातल्यापासून स्वयंपाकघरात डोंगरातल्या पहिल्या सरीनंतर येतो तसला वास पसरला आहे. नातीने माठाला हात लावून पाहिला. पहिल्या दिवसाचे पाणी तिने कुंडीतल्या कर्दळीला घातले. आज तो दुसऱ्यांदा भरला आहे, आणि बाहेरची बाजू अजून कोरडी आहे.