मिरची फोडून बघा

नाशिकला माझी मसाला कांडपाची गिरणी आहे. मार्च ते मे यंत्राला उसंत नसते. तरी गिऱ्हाइकाची पिशवी ओतण्याआधी मी त्यातल्या चार मिरच्या कानाशी हलवून बघते, देठाकडून फोडते. नीट वाळलेली मिरची कट्‌कन मोडते, बिया खुळखुळतात. सादळलेली नुसती वाकते.

यंदा एका मावशींची मिरची वरून लालभडक होती. फोडली तर आत करडी-हिरवट बुरशी, बिया काळवंडून एकमेकींना चिकटलेल्या. बोट लावताच भुकटी उडाली. मावशी म्हणाल्या, "अगं, ऊन देते, तेलावर खरपूस भाजते. मग काय राहतंय त्यात?"

हा समज घरोघरी आहे आणि तोच घातक आहे. भाजल्यावर बुरशी मरते, पण तिनं सोडलेलं विष तसंच राहू शकतं. अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीपासून तयार होणारं अफ्लाटॉक्सिन घरच्या भाजण्यानं पुरतं जात नाही. तिखटात ते दिसत नाही, चवीलाही लागत नाही. 1974 साली राजस्थान-गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात बुरसटलेला मका खाऊन शंभरावर माणसं काविळीनं दगावली, ती याच विषानं. थोडंथोडं वर्षानुवर्षं पोटात गेलं, तर यकृताच्या कर्करोगाचा धोका. म्हणून युरोपात मिरचीसाठी मर्यादा आहे किलोमागे 10 मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा लाखावा भाग.

मिरची घ्यायला मी नंदुरबारला जाते. तिथल्या पथाऱ्यांवर ओली मिरची उघड्यावर पसरून वाळवतात. अवकाळी पाऊस आला की मजूर बाया ताडपत्र्या घेऊन धावतात, पण एवढं मोठं रान झाकणार कसं? भिजलेली मिरची पुन्हा वाळते, पांढुरकी पडते, फटकी म्हणून निम्म्या-पाव भावात जाते. प्रत्येक फटकी विषारी नसते, पण कुठली आहे हे डोळ्यांना कळत नाही. अख्खी कोणी घेत नाही, मग ती दळली जाते. आणि सगळ्यांत स्वस्त सुटं तिखट घेतो तो हातावर पोट असलेला माणूस. याचा मला फार संताप येतो.

मावशींची मिरची मी कांडली नाही. त्याच यंत्रातून पुढच्या घरचा मसाला निघणार होता. त्या रागावल्या, पण फोडलेल्या मिरच्या पुडीत बांधून दुकानदाराकडे गेल्या.

वाळवणाला सिमेंटचा ओटा आणि वर छप्पर हवं, बाजारात तपासणी हवी. त्यासाठी शेतकऱ्याला नीट वाळलेल्या मिरचीचा जादा भाव मिळायला हवा, आणि तो द्यायची तयारी आपली हवी. घरी मात्र आजपासून एवढं करता येईल: अख्खी मिरची घ्या, फोडून बघा, कोरड्या हवाबंद डब्यात ठेवा, ओला चमचा घालू नका. बुरसटलेली मिरची टाकताना पैशांकडे बघून जीव तुटतो, हे मला कळतं. तरी टाका.