सत्तेचाळीस म्हणजे नक्की किती?

कॉन्व्हेंटमध्ये शिकलेलं मराठी पोर ओळखायची एक सोपी टेस्ट आहे. त्याच्याशी पाच मिनिटं गप्पा मारा. 'डोकं खाऊ नकोस', 'काय कटकट आहे', सगळं अस्खलित येईल. मग हळूच विचारा, "एकोणसत्तर म्हणजे किती?" पोर एकदम गप्प! नजर छताकडे, आणि थोड्या वेळानं केविलवाणा प्रश्न, "सिक्स्टी नाईन की सेव्हन्टी नाईन?"

मंडळी, मी त्याच जमातीतली. घरी मराठी, भांडणं मराठीत, स्वप्नंसुद्धा मराठीत. पण आकडे मात्र इंग्रजी. पाढे 'टू टू जा फोर' असे पाठ केले, ते डोक्यात तसेच कोरले गेले. बरं, यात आपलं काही अडतंय असं कधी वाटलंच नाही. दुकानदार "सत्तेचाळीस" म्हणाला की पन्नासची नोट पुढे करायची, उरलेले तो देतो. काम झालं!

पण २०१६ साली यूपीआय आलं, त्याच वर्षी नोव्हेंबरात नोटाबंदी झाली, आणि पुढच्या काही वर्षांत टपऱ्या-टपऱ्यांवर क्यूआर कोड चिकटले. त्यांच्या शेजारी तो बोलणारा डबा आला. आपल्या गेटबाहेरच्या वडापाववाल्या काकांनी त्यांचा डबा मराठीत लावून घेतलाय. बरोबरच आहे. त्यांचे दोन्ही हात बेसनात, फोन बघायला वेळ नाही, गर्दीत कोणी कालचा स्क्रीनशॉट दाखवून सटकला तर कळायचं कसं? डबा ओरडला की पैसे आले. काकांची सोय झाली आणि माझी पंचाईत. आता आख्ख्या टपरीसमोर तो डबा "अठ्ठावन्न रुपये" म्हणतो आणि आपण बरोबर रक्कम टाकली का, ते बघायला मी फोनमध्ये डोकं घालते.

मग एका रविवारी, सबमिशनची जर्नल्स बाजूला सारून, मी कागद घेतला आणि प्रॉब्लेम नीट मांडला. इंग्रजीत एक ते नव्याण्णव म्हणायला फक्त २७ शब्द लागतात. वनपासून नाइन्टीनपर्यंत १९, आणि ट्वेन्टी ते नाइन्टी ८. बाकी सगळी जोडाजोड. मराठीत? ९९ आकड्यांना ९९ शब्द. नुसता 'दोन' बघा. बारामध्ये तो 'बा', बत्तीसमध्ये 'ब', बेचाळीसमध्ये 'बे' आणि ब्याण्णवमध्ये 'ब्या'. म्हणजे इंग्रजी हा अल्गोरिदम आहे आणि मराठी हे लुकअप टेबल. लहानपणी एकदा लोड केलं तर झटक्यात उत्तर, नाहीतर जन्मभर एरर!

त्यात 'एकोण'ची गंमत. एकोण म्हणजे एक उणा. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत दर नऊला पुढच्या दशकातून एक वजा करायचा. नियम सापडला म्हणून मी खूश झाले, तर शेवटी नव्याण्णव! 'एकोणशंभर' का नाही? अपवादाशिवाय नियम नाही, दुसरं काय.

आणि क्रम? कॉम्प्युटरवाल्यांना 'एंडियन' माहीत असेल. मोठा भाग आधी ठेवायचा की छोटा, हे भांडण. १९८० साली डॅनी कोहेन यांनी 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'मधल्या, अंडं कोणत्या टोकानं फोडायचं यावरून लढणाऱ्या लोकांवरून ही नावं संगणकाच्या जगात आणली. इंग्रजीचं 'ट्वेन्टी सेव्हन' बिग एंडियन, आपलं 'सत्तावीस' लिटिल एंडियन. पण 'तीनशे सत्तावीस' म्हटलं की आधी शतक, मग एकक, मग दशक! जुन्या पीडीपी-११ मशीनमध्ये मोठे आकडे असेच मधूनच उलटे ठेवले जायचे, त्याला मिडल एंडियन म्हणतात. तर आपण सगळे चालतेबोलते पीडीपी-११ आहोत. जर्मन भाषेतही सत्तावीसला 'सात आणि वीस' असंच म्हणतात, त्यांचं इंजिनिअरिंग कुठे अडलं नाही.

यावरून महाराष्ट्रात मोठं रण पेटलं होतं. २०१९च्या जून महिन्यात बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तावीस'साठी 'वीस सात' अशी पद्धत आली. गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर यांचं म्हणणं होतं की जोडाक्षरं आणि उलटा क्रम यामुळे मुलं अडखळतात, गणिताची भीती बसते. विरोधकांचं म्हणणं, भाषेची मोडतोड होते. विनोदांचा पाऊस पडला, विषय थेट विधानसभेत गेला. आज विचार करते तर मला दोन्ही बाजू पटतात. तेलुगू, कन्नडमध्ये 'वीस सात' असाच क्रम आहे आणि त्या भाषांचं काही वाईट झालेलं नाही. पण वीस सात शिकलेलं पोर बाजारात गेलं की तिथे कानावर सत्तावीसच पडणार. सोपी पद्धत शिकवता येते हो, पण समोरच्या माणसाचं काय?

समोरच्या माणसावरून आठवलं. माझी रूममेट लातूरजवळच्या गावातली, दहावीपर्यंत जिल्हा परिषद आणि मग मराठी माध्यमाची शाळा. तिचे पाढे तीसपर्यंत तोंडपाठ, सव्वा, दीड, अडीच सगळं डोक्यात. पण फर्स्ट इयरला लॅबमध्ये सर रीडिंग सांगायचे, "सेव्हन्टी नाईन पॉइंट सिक्स", आणि ही एक आकडा मागे राहायची. ऐकायचं, मनात मराठी करायचं, लिहायचं, तोवर पुढचं रीडिंग आलेलं. व्हायवामध्ये उत्तर माहीत असून ती दोन सेकंद गप्प बसायची. त्या दोन सेकंदांना एक्झामिनर "अभ्यास नाही" समजतो. बॅचमधले लोक तर "स्लो आहे" म्हणायचे.

दुसरीकडे माझी आजी. तिला शुगर आहे. गावी एकटी असते, रोज सकाळी मशीनवर तपासते आणि मला फोन करते. सुरुवातीला ती "एकशे त्र्याऐंशी" म्हणाली की मी "आँ?" करायचे. मग तिनंच तोडगा काढला. आता ती सांगते, "एक, आठ, तीन." एकेक आकडा, सावकाश, लहान मुलाला सांगावं तसा. सातवीपर्यंत शिकलेली, आयुष्यभर दूध डेअरीचा हिशोब तोंडी केलेली माझी आजी, माझ्यासाठी तिचे आकडे तोडून देते.

हे दोन्ही शेजारी ठेवून बघितलं आणि जरा गप्पच झाले. रूपांतर करायला मेहनत लागते, ती प्रत्येक वेळी कोणीतरी करतंच. लॅबमध्ये माझी रूममेट करते, फोनवर आजी करते. टपरीवर तर बिचारी बॅटरीही करते! मी मात्र वीस वर्षांत कधीच करत नव्हते, आणि हुशार म्हणून नाव माझं. 'स्लो' कोण, हा प्रश्न खरं तर डेफिनेशनचा आहे.

टेक्नॉलॉजीनं भाषा मारली असं म्हणायची फॅशन आहे. मला ते पटत नाही. डब्याला दोन्ही भाषा येतात, बटण दाबलं की बदलतो, त्याला कोणाची लाज वाटत नाही. लाज माणसांना वाटते. 'त्र्याऐंशी' म्हणायची एकीला, 'एटी थ्री' अडखळायची दुसरीला.

सध्या आमच्या रूममध्ये करार झालाय. मेसचा आणि दुधाचा हिशोब मी मराठीत करते, ती लॅबची रीडिंग्ज मला इंग्रजीत घडाघडा वाचून दाखवते. कपाटाच्या दारावर एक ते शंभरचा तक्ता लावलाय. वॉर्डन मॅडमनी बघून विचारलं, "हे काय, बालवाडी?" आता मला साठपर्यंत न अडखळता येतं. साठ ते ऐंशी अजून घोळ आहे, सदुसष्ट आणि सत्याहत्तर माझे जानी दुश्मन.

स्टाफला एक नम्र विनंती. व्हायवाला कोणी दोन सेकंद थांबलं, तर तिसरा सेकंद द्या. कदाचित ती आकडा विसरलेली नसेल, फक्त वळवून घेत असेल. आणि माझ्या जमातीतल्या दोस्तांनो, तक्ता हवा असेल तर झेरॉक्स काढून देईन. दर पानाला दीड रुपया.

दीड म्हणजे वन पॉइंट फाइव्ह!