कागदावरचं पोलाद

माझी सगळी नोकरी भोसरीतल्या हीट ट्रीटमेंटच्या कारखान्यांत, तपासणी विभागात गेली. तिथली रीत ठरलेली होती. इथल्या पोलाद कारखान्याचा बार आला की तुकडा कापायचा, हार्डनेस घ्यायची, पॉलिश करून मायक्रोस्कोपखाली धरायचा. युरोपचा माल आला की टेस्ट सर्टिफिकेट वाचायचं, हीट नंबर, म्हणजे ओतलेल्या घाणीचा क्रमांक, जुळवायचा आणि माल पुढं सोडायचा. मला ते योग्यच वाटायचं. त्याच समजुतीतून, हेलिकॉप्टर पडल्याची बातमी आली की मी म्हणायचो, देशी बनावटीचं ना, मग आणखी काय होणार!

हे मत बदललं ते दक्षिण कोरियातल्या पोहांगच्या अपघातानं. १७ जुलै २०१८ रोजी तिथल्या मरीन दलाचं ‘मरिनॉन’ हेलिकॉप्टर देखभालीनंतर चाचणीसाठी उडालं. चार-पाच सेकंदांत रोटर ज्या दांड्यावर फिरतो तो रोटर मास्ट तुटला आणि मुख्य रोटर अख्खा निखळला. आतल्या सहांपैकी पाच जण गेले. हेलिकॉप्टर दलात येऊन वर्षही झालं नव्हतं. कोरियानं स्वतः बांधलेलं यंत्र, त्यामुळं माझं उत्तर तयारच होतं.

चौकशीत निघालं भलतंच. तुटलेला मास्ट कोरियात घडलेलाच नव्हता. तो एअरबस हेलिकॉप्टर्सकडून, युरोपातून आलेला होता. उष्णोपचारात तो पाण्यात थंड करायला हवा होता. तो हवेत थंड केला गेला.

हे वाक्य वाचून मी हादरलो, कारण त्याचा अर्थ मला हातानं ठाऊक आहे. भट्टीतून लालबुंद जॉब निघाला की तो टाकीत उतरेपर्यंतचे क्षण आम्ही जीव मुठीत धरून मोजायचो. लोहार विळ्याला पाणी पाजतो तेव्हा हेच करतो. उष्णता झटकन निघाली तर पोलादाची आतली वीण हवी तशी बसते. रेंगाळली तर बिघडते, आणि जाड भागाच्या गाभ्यात तर जास्तच. वरून मात्र काही कळत नाही. नीट थंड झालेला आणि बिघडलेला, दोन्ही दांडे मापात बसतात, दोन्हींवर मशीनिंगची तीच चकाकी असते. फरक कळतो तो तुकडा कापून पाहिल्यावर, नाहीतर तडा वाढत जाऊन दांडा तुटल्यावर.

म्हणून आता मी यंत्र कुठल्या देशाचं, हे विचारत नाही. भट्टी कुठली, लॉट कुठला, थंड कसं केलं आणि ते पाहिलं कुणी, एवढंच विचारतो. ५ जानेवारी २०२५ ला पोरबंदरला तटरक्षक दलाचं देशी बनावटीचं ‘ध्रुव’ हेलिकॉप्टर सरावाच्या उड्डाणात कोसळलं आणि तिघं गेले, तेव्हाही ओळखीतल्या अनेकांनी माझंच जुनं वाक्य मला ऐकवलं. रोटरच्या पात्यांचा कोन बदलणारी स्वॉशप्लेट तुटल्याचं पुढं आलं. ती का तुटली, याचं उत्तर ‘देशी’ या शब्दात मिळणार नाही. ते धातूच्या तुकड्यात मिळेल.

कोरियाच्या चौकशीनं थंड करण्याच्या पद्धतीपर्यंत जाऊन कारण जाहीर केलं. आपल्याकडच्या अशा प्रत्येक अपघाताचा धातुपरीक्षणाचा अहवालही तितक्याच तपशिलानं लोकांपुढं यावा. आणि सुट्या भागांच्या तपासणीला आज उभ्या असलेल्या तरुण मित्रांनो, सर्टिफिकेट कुठल्याही देशाचं असो, तुकडा कापून बघा.